सुक्या बोंबलाचा रंग

ठाकुर्ली
शुक्रवार दुपार, फेब्रुवारी १९८९

प्रिय सगुणा,

हे पत्र केशरमावशी तुझ्या हातात देईल. सासूबाईंच्या नाही, मारुतरावांच्या नाही, फक्त तुझ्या. टपालात टाकलं असतं, पण तुमच्याकडे पत्र ज्याच्या हाती लागेल तो फोडतो हे तूच मागे सांगितलं होतंस. तार करावी म्हटलं, तर तार आली की माणूस वाचायच्या आधीच रडायला लागतो, आणि तू सात महिन्यांची पोटुशी. केशर उद्याच्या बाजारासाठी सुकट घेऊन आज इगतपुरीला निघाली आहे, म्हणून तिच्या टोपलीतून पाठवते. कागदाला वास येईल. नाक मुरडू नकोस, माहेरचा वास आहे. मोरीचं दार लावून एकटीने वाच.

आधी एक गोष्ट सांगते, मग बाकीचं. रविवारी बाळंतपणाला इकडे येताना मारुतरावांच्या मोटरसायकलवर बसून कसारा घाट उतरायचा नाही. तू तर बसायचं नाहीसच, आणि त्यांनाही ती गाडी काढू द्यायची नाही, अगदी कोपऱ्यावर पान आणायलासुद्धा. काय वाटेल ती सबब सांग. पोटात दुखतंय म्हण, वाईट स्वप्न पडलं म्हण. लहानपणी खोटं बोललीस म्हणून मी तुझ्या तोंडाला मिरची लावली होती, आणि आज मीच तुला खोटं शिकवते आहे. यावरून समज काय झालं असेल माझं. गाडीत दोष आहे, आणि तो दोष आपल्या घरून गेला आहे.

आता सगळं सांगते, कारण अर्धवट कळलेलं पुऱ्यापेक्षा जास्त छळतं.

तुझे बाबा शेडमध्ये काय करतात ते तुला नीट ठाऊक नाही. शाळेत असताना तेलाच्या धुराला कंटाळून तू नाक धरून पळायचीस. खाडीत मासळी राहिली नाही म्हणून ते कंपनीत भट्टीवर लागले, मग कंपनीलाच कुलूप लागलं. तेव्हा आजोबांची होडी ठेवायची जागा होती तिथे त्यांनी स्वतःची भट्टी घातली. आजी महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. म्हणायची, होडीच्या जागी आग पेटवणाऱ्याचं भलं व्हायचं नाही. पण झालं भलं. मोटरसायकलचा गिअर झिजला की दातांच्या कडा गोल होतात आणि चालत्या गाडीत तो निसटतो. कल्याणचा देवराम मिस्त्री असले गिअर फडक्यात बांधून आणतो. बाबा झिजल्या जागी वेल्डिंगचा भर घालतात, घासून घासून पुन्हा दात उभा करतात. मग सगळे गिअर लोखंडी डब्यात, कोळशाच्या आणि हाडांच्या भुकटीत पुरून, झाकण चिकणमातीने लिंपून दिवसभर भट्टीत. डबा उघडला की लालभडक गिअर चिमट्याने उचलायचा आणि तेलात सोडायचा. असतं तेल, पण म्हणायचं पाणी देणं.

एवढ्याने लोखंड कडक होतं, पण नुसतं कडक काय कामाचं? काचही कडकच असते. म्हणून मग गिअर तापल्या वाळूवर ठेवून त्याचं पाणी थोडं उतरवायचं. एक दात पॉलिशपेपरने घासून पांढराशुभ्र करायचा आणि त्याच्याकडे बघत बसायचं. पांढऱ्यावर हळूच पिवळी झाक चढते. कंपनीत त्याला काही वेगळं म्हणत असतील, बाबा म्हणतात सुक्या बोंबलाचा रंग. उन्हातून नुकताच उचललेला बोंबील असतो ना, फिका, तसा. तो रंग आला की लगेच उचलायचं. उशीर झाला तर दात मऊ पडतो, आणि आधीच उचललं तर दात काचेसारखा राहतो, कधी तुटेल सांगता येत नाही. मला हे माहीत, कारण लग्नानंतर पहिली काही वर्षं मीच त्यांच्याशेजारी बसायचे. बायकोला सिनेमा दाखवायचा सोडून हा माणूस लोखंडाचे रंग दाखवायचा. मला आवडायचं, आता सांगायला काय हरकत आहे.

तर गेल्या पावसाळ्यापासून आमच्यात एक भांडण चालू होतं. सदरा धुऊन दिला की म्हणायचे, पिवळा पडलाय, हात चालत नाहीत का तुझे? मी पुन्हा धुवायचे. पुन्हा तेच. मी नीळ वाढवली. मग आणखी वाढवली. शेवटी दोरीवरचे सदरे बघून केशर म्हणाली, मंजुळा, नाथाभाऊंना गोकुळाष्टमीला कृष्ण करणार आहेस काय? आम्ही दोघी हसून हसून मेलो. दिवाळीला भिंतींना चुना काढून घेतला, तर दारात उभे राहून विचारतात, पिवळा रंग कोणी सांगितला होता? मी म्हटलं, म्हातारपणी माणूस खोड काढायला शिकतो. सगुणा, मी त्यांची मस्करी करत राहिले. डोळ्यांचं माझ्या डोक्यात आलंच नाही. दूरचा माणूस ते ओळखतात, भट्टीचा लाल रंग त्यांना दिसतो, ताटातला काटा दिसतो. मग डोळ्यांचं कसं मनात येणार?

संक्रांतीला मारुतराव येऊन गेले ते तुला आठवत असेल. म्हणाले, घाटात दुसरा गिअर निसटतो, नवे टाकायचा विचार आहे. बाबांनी त्यांना बोलूच दिलं नाही. जावयाची गाडी आणि बाजारचे गिअर? गाडी ठेवून घेतली, देवरामकडून उघडवली, दोन गिअर स्वतः घडवले, इतर गिऱ्हाइकांच्या गिअरसोबत एकाच डब्यात भाजले. गाडी परत नेताना मारुतरावांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, आता माझ्या पोरीला याच्यावरून आणा, भरतीला होडी यावी तशी येईल. तुला मोटरसायकलवरून आणायला माझा तेव्हाही विरोध होता. पण तू लिहिलंस, रेल्वेच्या डब्यात मळमळतं, गाडीवर वारा लागतो. आणि बाबा म्हणाले, मी हात लावलाय त्या गाडीला, आता भ्यायचं काय? मग मी हट्ट सोडला.

गेल्या आठवड्यात भिवा पडला. आंबिवलीचा भिवा, दुधाचे कॅन लावून मोटरसायकलवर कल्याणला येतो तो. शहाडच्या पुलाअलीकडे, सरळ रस्त्यावर, हळू गाडीत, काहीतरी कडकन वाजलं आणि मागचं चाक जाग्यावर अडकलं. तो कॅनसकट रस्त्याच्या कडेला फेकला गेला. हात मोडला, जीव वाचला. दुसऱ्या दिवशी देवराम आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग खिशातून रुमाल काढून बाबांपुढे उलगडला. त्यात भिवाच्या गिअरचा तुटलेला दात होता, बाबांनीच उभा केलेला. बाबांनी तो उजेडात नेला, तुटल्या जागेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, तेल कमी असेल गाडीत. देवरामने नुसता रुमाल घडी घालून खिशात ठेवला आणि निघाला. देवराम एरवी किती बोलतो ते तुला माहीत आहे.

तो दात बाबा खिडकीत ठेवून गेले. मी उचलून पाहिला. तुटलेला भाग चकचकत होता, खडीसाखर फोडल्यावर चकचकते तसा. मला त्यांनीच शिकवलेलं, चांगलं उतरवलेलं लोखंड तुटलं तर आत राखेसारखं मळकट दिसतं, आणि पाणी उतरलं नसेल तर आत साखर. आणि त्याच क्षणी, का कोण जाणे, मला ते निळे सदरे आठवले.

संध्याकाळी मी एक धुतलेलं पांढरं फडकं आणि एक हळदीचा हात पुसलेलं फडकं त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, भाकरी कशात बांधू, स्वच्छ कुठलं दिसतंय? ते चिडले. म्हणाले, दोन्ही तसलीच, पिवळट, एक तरी नीट धूत जा. सगुणा, त्यांना पांढरं पांढरं दिसतच नाही गं. त्यांच्या डोळ्यांपुढे सगळ्यावर आधीच बोंबलाचा रंग चढलेला असतो. म्हणजे दात घासून वाळूवर ठेवला न ठेवला, तोच त्यांना वाटतं रंग आला, आणि ते उचलतात. मावळतीचं ऊन त्यांच्या तोंडावर असताना मी जवळून पाहिलं, बुबुळात शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं पांढुरकं काहीतरी आहे. मोतीबिंदूच असणार. आणि भिवाचा गिअर मारुतरावांच्या गिअरसोबत एकाच डब्यात होता.

दुसऱ्या दिवशी मासळी आणायला जाते म्हणून मी कल्याणला देवरामकडे गेले. त्याला सगळं सांगितलं. तो भला माणूस. म्हणाला, वहिनी, मला संशय आलाच होता, पण नाथाभाऊला तोंडावर कसं म्हणू? गिऱ्हाइकांना मी आजवर सांगत आलो, नाथाचं पाणी आहे, डोळे मिटून चालव. त्याने धावपळ करून त्या डब्यातले आणि पावसाळ्यापासूनचे बाकीचे गिअर शोधले आणि सगळे उतरवून घेतले. काल संध्याकाळी माणूस पाठवून कळवलं, एकच गाडी राहिली, तुमच्या जावयाची. कालपासून तुम्ही लोक कुठे कुठे गेला असाल, बाजाराला, देवळाला, तुझ्या नणंदेकडे, याचाच विचार करते आहे. रस्त्यावर मोटरसायकलचा आवाज आला की मी दारात जाऊन बघते. कसाऱ्याची ती वळणं मी लग्नाच्या वऱ्हाडात एकदाच पाहिली, पण आता डोळे मिटले की तीच दिसतात. एका बाजूला कडा, एका बाजूला काही नाही.

तू म्हणशील, एवढं आहे तर बाबांना सांगत का नाहीस? भीती वाटते. दुसरं काय सांगू? त्यांचं सगळं त्या रंगात आहे. होडी गेली, कंपनी गेली, तेव्हा ते वाकले नाहीत, कारण हातात हे होतं. त्यांना सांगायचं की तुमच्या हातून माणूस मरता मरता वाचला, आणि दुसरी पाळी तुमच्या पोरीची? आणि जावयाला सांगायचं की सासऱ्याने घडवून दिलेली भेट ही असली निघाली? तुझ्या सासरी त्यावर किती वर्षं बोललं जाईल ते तुला मी सांगायला नको. त्यांची मान खाली जाईल ती वर यायची नाही. शिवाय ते हल्ली बदललेत. देवरामने काम पाठवणं थांबवलं आहे, शेडमध्ये काही माल नाही, तरी रोज जेवण झालं की जातात, आतून कडी लावतात आणि घणाचे आवाज येतात. ठण् ठण्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. विचारलं तर म्हणतात, भंगार फोडतोय. आजोबाही शेवटच्या दिवसांत असेच होडीची फळी ठोकत बसायचे. मला धास्ती वाटते.

म्हणून मी ठरवलं होतं की हे गुपचूप निभवायचं. तू गाडी थांबवायचीस, मारुतरावांना काहीतरी सांगून नवे गिअर बसवून घ्यायचे, आणि रविवारी रेल्वेने यायचं, बायकांच्या डब्यात, लिंबू हुंगत. बाबांना कोणी कळू द्यायचं नाही. डोळ्यांचं नंतर बघू, तू आलीस की तूच त्यांना दवाखान्यात ने, तुझं ते ऐकतात. एवढंच लिहून पत्र बंद करणार होते.

पण इथवर लिहिलं आणि ते दारात येऊन उभे राहिले. आज घणाचा आवाज आला नव्हता हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी कागद पदराखाली घेतला. म्हणाले, सगुणाला लिव्हतंस? मी म्हटलं, बहिणीला. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. आत येऊन माझ्यासमोर बसले आणि खिशातून मूठ काढून जमिनीवर उघडली. लोखंडाचे लहान लहान तुकडे होते. रोज दुपारी ते कडी लावून हेच करत होते. तुकडा तापवायचा, पाणी द्यायचं, रंग बघून उतरवायचा आणि व्हाइसच्या जबड्यात धरून घणाने तोडायचा. एक तरी आतून मळकट निघावा म्हणून. सगळे साखर निघाले. म्हणाले, देवरामने दात दाखवला, मना तवाच कललेला गो. त्याच्यासमोर मना बोलवला नाय. आणि मग म्हणाले, भट्टी विझवली. आता पेटवायची नाय.

मी रडले. ते नाही रडले. ते उठले आणि खुंटीवरचा सदरा काढला, तो निळा पडलेला, आणि म्हणाले, केशर कनच्या गाडीनं जाते? मी बी जातंव. गिअर मी घडवलं, मीच उतरवीन. मी म्हटलं, देवरामला पाठवू, जावयापुढे तुम्ही कशाला? तर सदरा खांद्यावर टाकून माझ्याकडे पाहिलं. पोरीचा जीव मोठा का माजा नाव, म्हणाले. आता ते विहिरीवर आंघोळ करताहेत आणि मी घाईघाईने हे पुरं करते आहे. पत्राचं त्यांना ठाऊक नाही. केशरला बजावून सांगेन, ते पाय धुवत असतील तेव्हा तुझ्या हातात द्यायचं.

म्हणजे तू हे वाचशील तेव्हा ते बाहेर ओटीवर बसलेले असतील, आणि आता मला या पत्रातून तुझ्याकडून एकच हवं आहे. तुला काहीही ठाऊक नाही. बाबा सहज आले, पोरीला बघायला आले. ते चहा पितील, हवापाण्याचं बोलतील, घसा खाकरतील, गप्प होतील. त्यांना घाई करू नकोस आणि त्यांच्या वतीने तू बोलू नकोस. त्यांना त्यांच्या तोंडाने सांगू दे. ते बोलायला लागले की मारुतरावांना मध्येच काही म्हणू देऊ नकोस, आणि सासूबाई हसल्या तर तू त्यांच्याकडे बघ, बाबांकडे नको. फक्त उद्या सकाळपर्यंत त्यांना बोलता आलं नाही, तर मग तू बोल, आणि गाडी तोवर कुलपात. परत येताना रेल्वेच्या डब्यात चढताना तू त्यांचा हात धर, आणि त्यांना वाटू दे की तेच तुझा धरताहेत. आणि पत्र वाचून झालं की चुलीत घाल, तुझी लाल साडी नेस आणि मग बाहेर ये. लाल त्यांना अजून दिसतो.

तुझीच,
आई